सहावा विषय

(मीरा रोड येथील शांती नगरात दहावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दहावीचे वर्ष सुरू झाले की घराघरांत एक हिशेब मांडला जातो. विषय सहा आणि गुण सहाशे. पण टक्केवारी निघते ती सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवरून, पाचशेपैकी. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' या नावाने ही पद्धत सर्वांना परिचित आहे. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाच्या मुलांना अन्य मंडळांच्या मुलांच्या बरोबरीने उभे राहता यावे, असा तिच्यामागील विचार होता. तिच्याविषयीचा वाद २०१० साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे ती मान्य ठरली. हेतू चांगला होता. मात्र तिची एक सावली घरोघरी पडली. पाचच विषय मोजायचे असतील तर सहावा कोणता सोडावा, याची चर्चा परीक्षेच्या आधीच सुरू झाली आणि बहुतेक ठिकाणी बोट एकाच विषयाकडे वळले. तो विषय म्हणजे सामाजिक शास्त्रे.

गणिताला शिकवणी, विज्ञानाला शिकवणी, इंग्रजीला शिकवणी; आणि इतिहास-भूगोल? 'ते शेवटच्या आठवड्यात पाठ होते!' हे वाक्य ज्या घरात उच्चारले जात नाही, असे घर विरळाच.

या हिशेबात पहिली चूक व्यवहाराची आहे. सहावा विषय कोणता, हे निकालाच्या दिवशी ठरते. ऑक्टोबरात ठरवता येत नाही. बीजगणिताची प्रश्नपत्रिका अवघड निघाली, विज्ञानाच्या दिवशी अंगात ताप असला, म्हणजे ज्याला आधीच टाकून दिले तोच विषय हात देण्यासाठी हवा असतो. त्या वेळी तो हात देत नाही, कारण त्याची तयारीच झालेली नसते. शिवाय उत्तीर्ण होण्यासाठी या विषयातही शंभरपैकी पस्तीस गुण लागतातच. म्हणजे सोडून देऊनही तो सुटत नाही.

दुसरी चूक अधिक खोल आहे. 'हा विषय पाठ करायचा असतो' या समजुतीत ती दडलेली आहे. पाठ केलेले विसरते, विसरले की कंटाळा येतो आणि कंटाळ्याचा विषय सहावा ठरतो. ही साखळी मध्येच कोठेतरी तोडली पाहिजे. त्यासाठी पाठ्यपुस्तक आणि मुलाची खिडकी यांतील अंतर कमी करावे लागेल. शांती नगराच्या खिडकीतून काय काय दिसते, ते पाहण्यासारखे आहे.

संविधान शांती नगरात कसे आले?

राज्यशास्त्राचा पहिला पाठ संविधानाच्या वाटचालीचा आहे. संविधान हा जिवंत दस्तऐवज आहे, न्यायालयांनी त्याच्या तरतुदींचा अर्थ विस्तारत नेला, असे त्यात सांगितले आहे. विद्यार्थी ते वाचतो, अधोरेखित करतो आणि पान उलटतो. परंतु या विस्तारातील एक महत्त्वाचा टप्पा याच परिसराशी जोडलेला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ साली आला. या कायद्याखाली अतिरिक्त ठरू शकणाऱ्या काही जमिनींना, दुर्बल घटकांसाठी घरे बांधण्याच्या अटीवर सूट दिली जात असे. मीरा रोडच्या भूमीवरील अशाच एका गृहयोजनेतून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. शांती नगराच्या उभारणीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या शांतिस्टार बिल्डर्सच्या नावानेच तो खटला ओळखला जातो. ३१ जानेवारी १९९० रोजी त्याचा निकाल लागला. अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत आणि राहण्यासाठी योग्य निवारा हा संविधानाच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्कात अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने त्यात सांगितले. विधी महाविद्यालयांतील विद्यार्थी आजही निवाऱ्याच्या हक्काचा अभ्यास करताना हा निकाल वाचतात.

ज्या वसाहतीत मुलगा दहावीचा अभ्यास करतो, तिचेच नाव देशाच्या घटनात्मक इतिहासात नोंदले गेले आहे. हे एकदा कळले की 'जीविताचा हक्क' या संकल्पनेचे स्पष्टीकरण पाठ करावे लागत नाही. स्वतःच्या घराचा उंबरठा आठवला तरी पुरते.

त्याच पाठात स्थानिक शासनसंस्थांचा विषय येतो. त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९२ सालची. त्र्याहत्तरावी ग्रामीण भागासाठी, चौऱ्याहत्तरावी नागरी भागासाठी. परीक्षेत ही अदलाबदल हमखास होते. मीरा-भाईंदरचे उदाहरण समोर ठेवले तर ती होणार नाही. येथे पूर्वी ग्रामपंचायती होत्या. १९८५ साली काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. एकाच पिढीने पंचायत, पालिका आणि महापालिका या तिन्ही अवस्था पाहिल्या. येथील जुन्या रहिवाशांपैकी कोणाही आजोबांना विचारावे, 'ग्रामपंचायत असताना दिवा-पाणी कसे होते?' त्या अर्ध्या तासाच्या गप्पांत विकेंद्रीकरणाचा धडा पुरा होईल.

इतिहास म्हणजे पुराव्याचा शोध

दहावीच्या इतिहासाचे सध्याचे पुस्तक २०१८ साली आले. त्यात केवळ राजे आणि लढाया नाहीत. इतिहास कसा लिहिला जातो, हा त्याचा आरंभ आहे. पाश्चात्त्य आणि भारतीय इतिहासलेखनाची परंपरा, उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे त्याचे पाठ आहेत. 'यात इतिहास कोठे आहे?' अशी तक्रार काही पालक करतात. तक्रार समजण्यासारखी आहे, परंतु या पुस्तकाने मुलाच्या हाती एक मौल्यवान वस्तू दिली आहे, ती म्हणजे पुरावा तपासण्याची दृष्टी.

रांके या जर्मन इतिहासकाराने मूळ दस्तऐवजांच्या अभ्यासावर भर दिला, हे पहिल्या पाठात येते. आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, माळ्यांवर आणि पेट्यांत पडलेली कागदपत्रे गोळा करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडांमागून खंड प्रसिद्ध केली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. ही दोन नावे वेगवेगळी पाठ करण्याऐवजी एका प्रश्नाभोवती गुंफावीत : अमुक घडले, हे कशावरून?

हा प्रश्न विचारण्यासाठी दूर जावे लागत नाही. शांती नगरापासून काही किलोमीटरांवर घोडबंदरचा किल्ला आहे. भाईंदरच्या पश्चिमेला उत्तनच्या बाजूस चौक येथे धारावीचा किल्ला आहे. वसईच्या खाडीचे मुख या टेकडीवरून नजरेच्या टप्प्यात येते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि पुढे दोनशे वर्षे येथे त्यांचा अंमल राहिला. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांची मोहीम सुरू झाली. साष्टी हाती आली, धारावीसाठी झुंज झाली आणि १७३९च्या मे महिन्यात वसई पडली. धारावी हाती असल्याखेरीज वसईची समुद्राकडून होणारी रसद रोखणे कठीण होते, हे त्या टेकडीवर उभे राहिले की नकाशावाचून कळते. इतिहास आणि भूगोल या दोन प्रश्नपत्रिका असल्या तरी विषय एकच आहे, हे तेथे पटते.

आता पुरावा. वसई मोहिमेनंतर चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून महाराष्ट्रातील अनेक देवळांत नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. ती घंटा हे भौतिक साधन. त्या काळची पत्रे आणि पोर्तुगीज दप्तरातील नोंदी ही लिखित साधने. गोव्याचे संशोधक पां. स. पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज कागदपत्रांच्या आधारे मराठ्यांच्या इतिहासाचे दालन उघडले. विजेत्याचे कागद आणि पराजिताचे कागद शेजारी ठेवून वाचले म्हणजे इतिहास भक्कम होतो. आपल्या पूर्वजांचा पराक्रम शत्रूच्या दप्तरातूनही सिद्ध होत असेल, तर त्याला अतिशयोक्तीचा टेकू लागत नाही. अभिमान पुराव्यावर उभा राहिला पाहिजे, ही शिकवण या पाठातून मुलाने घेतली तर परीक्षेतील गुणांपलीकडचे काही त्याच्या पदरात पडले असे म्हणावे लागेल.

घोडबंदरला गेलेल्या मुलाला 'ऐतिहासिक ठेव्यांचे जतन' या पाठावरील उत्तर पाठ करावे लागत नाही. तटबंदीच्या दगडांवर कोरलेली नावे आणि कोपऱ्यातला कचरा पाहून जतन का करावे आणि कोणी करावे, हे त्याचे त्याला सुचते.

खाडीपासून ॲमेझॉनपर्यंत

भूगोलाचे पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करते. 'ब्राझीलशी आपला काय संबंध?' असे मुले विचारतात. वसईच्या परिसरातील मुलाने तरी हे विचारू नये. ज्या पोर्तुगिजांनी येथे दोनशे वर्षे अंमल केला, त्यांचीच वसाहत ब्राझील होता. १५०० साली ते तेथे उतरले आणि १८२२ साली ब्राझील स्वतंत्र झाला. कोकणाच्या बाजारात मिळणारा काजू हे मूळचे ब्राझीलचे झाड, ते पोर्तुगिजांनीच या किनाऱ्यावर आणले. उत्तन-डोंगरीच्या जुन्या चर्चचे आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरील जुन्या चर्चचे नाते एकाच राजसत्तेशी होते. एवढे समजले की ब्राझील परका राहत नाही.

मीरा रोड विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. ब्राझीलमधील बेलो होरिझोंते हे मोठे शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेस जवळपास तितक्याच अंतरावर आहे. मार्चमध्ये परीक्षेच्या वेळी येथे उन्हाळ्याची चाहूल लागते, तेव्हा तेथे उन्हाळा सरून शरद सुरू होत असतो. सकाळी अकराला येथे प्रश्नपत्रिका हाती पडते, तेव्हा ब्राझिलियात रात्रीचे अडीच वाजलेले असतात, कारण दोन्ही प्रमाणवेळांत साडेआठ तासांचे अंतर आहे. ऋतू आणि प्रमाणवेळ यांवरील प्रश्न या दोन वाक्यांत सुटतात.

'भौगोलिक कारणे लिहा' या प्रश्नाची मुलांना फार धास्ती असते. ब्राझीलच्या ईशान्य भागात अवर्षण चतुष्कोन का निर्माण झाला? समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे ब्राझील उच्चभूमीच्या अजस्र कड्याला अडतात, किनाऱ्याच्या बाजूस पाऊस पडतो आणि पलीकडचा प्रदेश कोरडा राहतो. हे पाठ करण्यापूर्वी महाबळेश्वर आणि वाई यांचा विचार करावा. सह्याद्री अरबी समुद्रावरून येणारे मोसमी वारे अडवतो. महाबळेश्वर चिंब भिजते, पण त्याच डोंगराच्या पूर्व पायथ्याच्या वाईत पाऊस बराच कमी असतो. पर्जन्यछायेचा नियम एकच. फक्त समुद्राचे आणि डोंगराचे नाव बदलले.

लोकसंख्येच्या पाठाचेही तसेच. २०११च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती आणि क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर. ब्राझीलचे क्षेत्रफळ सुमारे ८५ लाख चौरस किलोमीटर आणि २०१०च्या जनगणनेतील लोकसंख्या १९ कोटींच्या आसपास. घनतेतला फरक येथेच डोळ्यांत भरतो. आलेखाच्या सरावासाठी मीरा-भाईंदरचेच आकडे घ्यावेत. १९९१ साली सुमारे पावणेदोन लाख, २००१ साली सुमारे ५ लाख २० हजार आणि २०११ साली ८ लाखांहून अधिक. तीन स्तंभ काढले की नागरीकरण म्हणजे काय ते दिसते. गिरगाव-परळच्या चाळींतून उत्तरेकडे सरकलेल्या किती कुटुंबांची कहाणी त्या चढत्या स्तंभांत आहे, हे घरातले वडीलधारेच सांगतील.

नळाला येणाऱ्या पाण्याचाही माग काढावा. या शहराला मिळणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा उल्हास नदीतून येतो. हीच उल्हास पुढे वसईच्या खाडीने भाईंदरला वळसा घालून समुद्राला मिळते. काठाला तिवरांची वने, मिठागरे आणि पुढे उत्तनची मासेमारी. 'जलप्रणाली', 'वनस्पती' आणि 'व्यवसाय' हे तीन पाठ एका नदीच्या काठी बसलेले आहेत. भूगोलाचा पहिला पाठ 'क्षेत्रभेट' हा आहे. एका रविवारी वही, पेन्सिल, प्रश्नावली आणि पाण्याची बाटली घेऊन उत्तनपर्यंत जाऊन यावे. त्यावरचा प्रश्न मग अनुभवातून लिहिला जाईल.

उत्तरपत्रिकेची शिस्त

समजले म्हणजे गुण मिळाले, असे मात्र नाही. समजलेले मांडता आले पाहिजे. इतिहास-राज्यशास्त्राची प्रश्नपत्रिका चाळीस गुणांची, भूगोलाचीही चाळीस गुणांची आणि अंतर्गत मूल्यमापन वीस गुणांचे. पहिल्या प्रश्नपत्रिकेत इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२ गुण आहेत. दोन तासांत चाळीस गुण, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. दोन गुणांच्या टिपेवर पंधरा मिनिटे घालवणारा विद्यार्थी पुढच्या सविस्तर उत्तराचा वेळ खात असतो. घरी घड्याळ लावून पाच तरी प्रश्नपत्रिका सोडवल्याखेरीज हे भान येत नाही.

'विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा' या प्रश्नात अनेक मुले 'चूक' एवढेच लिहून पुढे जातात. तेथे खरी परीक्षा कारणाची असते. आधी निर्णय, मग कारण, मग शक्य तर एक उदाहरण असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ, मतदाराची वयोमर्यादा एकवीसवरून अठरा झाली, यावरील उत्तरात एकसष्टाव्या घटनादुरुस्तीचा उल्लेख आला आणि त्यामुळे तरुणांना राजकीय प्रक्रियेत स्थान मिळाले, हा परिणामही आला, तर उत्तर पूर्ण होते.

संकल्पनाचित्र हे आयते गुण आहेत, पण पाठ बारकाईने वाचणाऱ्यालाच. इतिहासातील उताऱ्याच्या प्रश्नात उत्तराचा आधार समोरच असतो. उतारा दोनदा वाचून मगच लेखणी उचलावी. भूगोलात नकाशाला आठ आणि आलेखाला सहा गुण आहेत. चाळीसपैकी चौदा गुण हात आणि डोळा यांच्या सरावाचे आहेत! नकाशाला सूची, आलेखाला शीर्षक आणि प्रमाण विसरू नये. नकाशाची पुरवणी उत्तरपत्रिकेला नीट जोडली आहे ना, हे उठण्यापूर्वी पाहावे. भारताचा आणि ब्राझीलचा कोरा आराखडा रोज एक, असे महिनाभर भरले तर हे गुण सहसा निसटत नाहीत.

पाठ्यपुस्तक तीनदा वाचावे. पहिल्यांदा गोष्टीसारखे, काहीही पाठ न करता. दुसऱ्यांदा प्रत्येक परिच्छेदाला 'का?' विचारत. तिसऱ्यांदा हाती लेखणी घेऊन, पुस्तक मिटून, आठवेल ते लिहीत. जे लिहिता आले नाही, तेवढेच पुन्हा वाचावे. अपेक्षित प्रश्नसंच आणि गाईड हे सरावापुरते ठीक. त्यांनी पुस्तकाची जागा घेतली की उत्तरे सगळ्या वर्गाची सारखीच दिसू लागतात. या विषयाच्या प्रश्नपत्रिका वेळापत्रकात बहुधा शेवटी येतात. तोवर मुले थकलेली असतात. म्हणून पहिली दोन वाचने दिवाळीपूर्वीच संपवावीत आणि शेवटचे दिवस केवळ उजळणीसाठी राखावेत.

पालकांचे काम

येथील बहुसंख्य पालक सकाळची लोकल पकडतात आणि अंधार पडल्यावर घरी येतात. गणित शिकवण्याइतका वेळ आणि उत्साह त्यांच्यात उरत नाही, हे खरे आहे. परंतु या विषयासाठी शिकवावे लागत नाही, बोलावे लागते. रात्रीच्या जेवणाच्या वेळी दूरचित्रवाणी पंधरा मिनिटे बंद ठेवून वर्तमानपत्रातील एका बातमीवर बोलणे, एवढे पुरे. निवडणूक जाहीर झाली तर आयोग कोणी नेमला, त्याला अधिकार कोणत्या कलमाने मिळाले, हे मुलाला विचारावे. तो ३२४वे कलम सांगेल, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर येणारा आनंद पाहण्याजोगा असतो. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलालाही हे मातृभाषेतून विचारावे. घरच्या भाषेत समजलेली गोष्ट शाळेच्या भाषेत लिहिणे फारसे अवघड जात नाही.

आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. 'हा विषय टाक, पाचांत येणार नाही' हे वाक्य पालकांच्या तोंडून निघू नये. मूल त्या वाक्यातून केवळ वेळेचे नियोजन शिकत नाही. ज्याचे गुण मोजले जात नाहीत त्याला मोल नसते, हेही ते शिकते. देशाचा इतिहास, समाजाची घडण आणि पायाखालची भूमी यांच्याविषयी असा संस्कार घरातून मिळावा, असे कोणत्याही आई-वडिलांना वाटणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, दहावीच्या गुणपत्रिकेचा उपयोग अकरावीच्या प्रवेशापुरता, फार तर आणखी काही वर्षे. आज जे पंधरा-सोळा वर्षांचे आहेत, त्यांच्या हाती दोन-तीन वर्षांत मतदानाचा अधिकार येईल. त्या दिवशी केंद्रावर त्रिकोणमितीचे सूत्र विचारले जाणार नाही. उमेदवाराचे म्हणणे खरे की खोटे, ते कशावरून, महापालिकेचे काम कोणते आणि संसदेचे कोणते, हे ज्याचे त्याला ठरवावे लागेल. ती परीक्षा पुन्हा पुन्हा होत राहील आणि तिथे पाच विषय निवडून सहावा सोडण्याची सवलत नाही.

तिची तयारी याच पुस्तकांत आहे. आज रात्री घरी गेल्यावर राज्यशास्त्राचा पहिला पाठ उघडावा आणि तो वाचताना एकदा खिडकीबाहेर पाहावे.